पोरगं सतरा वर्षांचं, केस मोठी: बाल न्याय मंडळाच्या सेवेचं परीक्षण

पोरावर केस झाली की घरचे आधी ओळखीचा हवालदार गाठतात, मग गावातला पुढारी, मग वकील. जिथे खरा निकाल लागायचा ते बाल न्याय मंडळ यादीत सगळ्यात शेवटी येतं. दहिवडी असो, पाटण असो की सातारा शहर, क्रम तोच. सेवा सरकारी, फी शून्य, आणि निवडीला वाव नाही: गुन्ह्याच्या दिवशी अठरा पूर्ण नसतील तर पहिली पायरी हीच. गुन्ह्याच्या दिवशीचं वय धरतात, पकडल्याच्या दिवशीचं नाही. सतराव्या वर्षी केलेल्या गुन्ह्यात पोरगा विसाव्या वर्षी सापडला तरी तो मंडळापुढेच उभा राहतो. हे परीक्षण व्यवस्थेचं आहे, कुठल्या मंडळावर बसलेल्या माणसांचं नाही.

गुण पाचपैकी साडेतीन. मोठ्यांच्या कोर्टापेक्षा हे दार अल्पवयीनांसाठी कितीतरी बरं. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांना सत्र न्यायालयाकडे धाडायची वाट काढली, ती या सेवेची सगळ्यात कच्ची बाजू. कापलेल्या दीड गुणातला मोठा वाटा तिथला, उरलेला फिर्यादीच्या हालांचा.

मंडळ म्हणजे तिघे: एक प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, ज्यांना प्रधान दंडाधिकारी म्हणतात, आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. दोघांत एक तरी बाई हवीच. नियमाप्रमाणे बैठक कोर्टाच्या किंवा जेलच्या आवारात घ्यायची नाही, ती निरीक्षणगृहात किंवा त्याच्या आसपास होते. (रिमांड होम हे जुनं नाव, रिक्षावाल्याला तेच सांगा.) उंच व्यासपीठ नाही, पिंजरा नाही, बाहेरच्या माणसांना प्रवेश नाही. बैठकीचे वार आधी विचारून घ्या. माण-खटावहून पहिली एसटी धरून यावं आणि कळावं की आज बैठकच नाही, हा प्रकार एका फोनवर टळतो. मंडळ बसलेलं नसेल तेव्हा ताब्यातल्या मुलाला एकट्या सदस्यापुढेही हजर करता येतं. अंतिम निकालाला मात्र प्रधान दंडाधिकाऱ्यांसह किमान दोघे लागतात.

पहिले चोवीस तास

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या पुढे निस्तरत बसाव्या लागतात.

प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, सहायक फौजदार किंवा त्याहून वरच्या हुद्द्याचा. ठाण्यात पाय ठेवताच त्यांचं नाव विचारा आणि बोलणं त्यांच्याशीच करा. मुलाशी बोलताना अंगावर वर्दी नको. बेडी नाही, लॉकअप नाही, कबुलीसाठी दमदाटी नाही, जबाबावर मुलाची सही नाही. आईवडिलांना किंवा पालकाला कळवणं हे पोलिसांचं काम आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मंडळापुढे हजर करायचं.

गोची होते ती या चोवीस तासांच्या मोजणीत. ‘जरा चौकशीला पाठवा’ म्हणून संध्याकाळी बोलावलेला पोरगा दुसऱ्या दिवशी दुपारी ‘ताब्यात घेतला’ असा कागदावर येतो. त्यामुळे ठाण्यात नेल्याची वेळ घरच्या कुणीतरी लगेच मोबाईलवरून वकिलाला किंवा नातेवाइकाला मेसेज करून ठेवावी. भांडण करायची गरज नाही. मंडळापुढे ती वेळ शांतपणे सांगितली तरी पुरते.

दुसरी गोची एफआयआरची. नियम असा की गुन्हा निर्घृण वर्गातला (किमान सात वर्षं शिक्षेचा) असेल किंवा सोबत मोठी माणसं आरोपी असतील तरच एफआयआर. बाकी प्रकरणांत ठाणे दैनंदिनीत नोंद करायची, मुलाच्या घरची पार्श्वभूमी लिहायची आणि पहिल्या तारखेआधी कागद मंडळाकडे पाठवायचे. प्रत्यक्षात फिर्यादीला हातात एफआयआरची प्रत हवी असते. ती नाही मिळाली तर तो थेट वरच्या साहेबांकडे जातो, म्हणून ठाण्यातलेही सवयीने एफआयआर फाडून मोकळे होतात. यात्रेतल्या धक्काबुक्कीसाठी पोराच्या नावावर एफआयआर निघाली असेल, तर वकिलाने पहिल्याच तारखेला हे लेखी निदर्शनास आणावं.

वकील परवडत नसेल तर थांबायचं कारण नाही. मुलाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन करायचा. मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८.

वयाचा कागद

क्रम ठरलेला आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, आणि ती आदेश झाल्यापासून पंधरा दिवसांत. आधार कार्ड यात कुठेही नाही. ते जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्येही सांगितलं आहे. तरी घरचे पाकिटातून पहिल्यांदा आधारच काढतात.

शाळेच्या दाखल्यात आपल्याकडचा जुना घोळ म्हणजे एक जून. गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी अंदाजाने टाकलेली ती तारीख अजूनही निघते, विशेषतः ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर फिरणाऱ्या कुटुंबांत. शाळेचा कागद क्रमात वर असल्याने जन्मदाखल्यात खरी तारीख असूनही एक जूनच मानली जाण्याचा धोका राहतो. म्हणून नुसत्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर थांबू नका. पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा घ्या आणि त्या नोंदीला आधार काय होता ते मुख्याध्यापकांकडून लिहून मागा. हाडांच्या तपासणीवर भिस्त ठेवू नये. ती अंदाज देते, आणि त्या अंदाजात वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज असतो.

पोलिसांनी वय एकोणीस लिहिलं आणि पोरगा मोठ्यांच्या कोर्टात गेला, तर पहिल्याच तारखेला तोंड उघडा. अल्पवयीन असल्याचा दावा कुठल्याही टप्प्यावर, अगदी शिक्षा कायम झाल्यावरही करता येतो. मात्र तोवरचे जेलमधले महिने कुणी परत देत नाही.

जामीन

इथे सेवा चांगली आहे. गुन्हा जामीनपात्र आहे की अजामीनपात्र हा प्रश्नच उरत नाही. जामीन हाच नियम, जामीनदारासह किंवा त्याच्याविना. नाकारायला तीनच कारणं चालतात: सुटल्यावर मूल सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला, मनाला किंवा नैतिकतेला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. कारण लेखी द्यावं लागतं. अटी पाळणं जमलं नाही म्हणून मूल सात दिवस आतच राहिलं, तर अटी बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळापुढे आणलं पाहिजे.

तिसरं कारण रबरासारखं ताणलं जातं. त्यावर उपाय जामीन अर्जातच करायचा. मूल कुठे राहील, रोज कोण लक्ष ठेवेल, शाळा किंवा आयटीआय कोणती, गावातल्या त्या टोळक्यापासून लांब मामाकडे ठेवणार असाल तर मामाचं हमीपत्र. ‘मुलगा निर्दोष असून त्याला खोटं गुंतवलं आहे’ एवढ्या छापील ओळीने जामीन सुटतो असं समजणारे वकील अजून आहेत. मंडळाला त्या घडीला पोरगा उद्या कुठे झोपणार हे कळायला हवं असतं.

सामाजिक तपासणी अहवाल

परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येतात, शाळेत जातात, शेजाऱ्यांशी बोलतात आणि दोन आठवड्यांत अहवाल देतात. सगळ्या निकालाचा पाया हा कागद, आणि सगळ्यात घाईत तयार होणाराही हाच. महाबळेश्वरपासून म्हसवडपर्यंत पसरलेला जिल्हा, मोजके अधिकारी. मग फोनवर चार प्रश्न विचारून ‘वाईट संगतीमुळे गुन्ह्याकडे वळला’ ही तयार ओळ पडते. असा अहवाल आला तर गृहभेटीची तारीख कोणती, कुणाकुणाशी बोलणं झालं, हे वकिलाने विचारावं. अहवाल गोपनीय असला तरी त्यातलं सार मुलाला आणि पालकांना देऊन त्यावर म्हणणं मांडायची संधी देता येते. ती मागून घ्या.

घरच्यांनी आपली फाईल तयार ठेवावी: बोनाफाईड, गेल्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, हजेरी, काही आजार असल्यास त्याचे कागद. व्यसन लपवू नका. गांजा किंवा गोळ्यांची सवय अहवालात आली तर मंडळ व्यसनमुक्तीचा आदेश देऊ शकतं. लपवली तर पोरगा घरी येतो आणि महिन्याभरात पुन्हा त्याच टपरीवर दिसतो.

गुन्ह्याचा वर्ग

किरकोळ, गंभीर, निर्घृण असे तीन वर्ग आहेत. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर किरकोळ. किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त असेल तर निर्घृण. मधलं सगळं गंभीर. कमाल शिक्षा जन्मठेप असली तरी किमान सात वर्षं लिहिलेली नसतील तर गुन्हा गंभीरच, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये ठरवलं आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आलं.

आता भारतीय न्याय संहितेत बसवून बघा. साधी चोरी, कलम ३०३: किरकोळ. घरातली चोरी, कलम ३०५, सात वर्षांपर्यंत: गंभीर. जबरी चोरी: गंभीर. कोयत्याने वार करून कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लागला तर ऐकायला भयंकर, पण किमान शिक्षा नाही म्हणून गंभीर. खून, कलम १०३: निर्घृण. मेफेड्रोन हा अमली पदार्थ ५० ग्रॅमपेक्षा जास्त सापडला की व्यावसायिक प्रमाण, किमान दहा वर्षं, म्हणून निर्घृण. ५० ग्रॅमपर्यंत असेल तर नाही. पंचनाम्यातलं वजन पाकिटासकट आहे की निव्वळ, यावर पोराचं कोर्ट बदलू शकतं.

किरकोळ प्रकरण चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपलं नाही तर कारवाईच बंद होते. गंभीर आणि निर्घृण प्रकरणांत त्यापुढची मुदत मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडून घ्यावी लागते. किरकोळ केसच्या तारखा वहीत लिहून ठेवा. सहा महिने झाले की अर्ज तुम्हीच टाका, आपोआप कुणी फाईल मिटवायला बसत नाही.

सोळा ते अठरा: कच्चा दुवा

मुंबई प्रांतात मुलांसाठीचा कायदा १९२४ सालचा. १९८६ च्या केंद्रीय कायद्यात मुलग्यांसाठी मर्यादा सोळा होती, २००० साली ती मुलींप्रमाणे अठरा झाली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात एका अल्पवयीनाला तीन वर्षं विशेष गृह एवढंच झालं, त्यावरच्या संतापातून २०१५ चा कायदा आला. सोळा पूर्ण झालेल्या मुलाने निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल तर मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं आणि वाटल्यास प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे नेमून दिलेल्या सत्र न्यायालयाकडे पाठवतं. ही तीन महिन्यांची मुदत बंधनकारक नाही, असं २०२४ मध्ये ठरलं. सोळाच्या आतला असेल तर खुनातही मंडळच.

मूल्यांकनात बघायचं काय, तर गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि कोणत्या परिस्थितीत घडलं. आधीच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि घोळ नेमका तिथेच होतो. कोयता उचलायची ताकद सतराव्या वर्षी असते. समोरचा मेला तर आपल्या आईचं, बहिणीच्या लग्नाचं आणि स्वतःच्या पुढच्या वीस वर्षांचं काय होईल हे त्या रात्री कळत होतं का, हा दुसराच प्रश्न. दोन्ही एकत्र मोजून ‘मुलगा समजूतदार आहे’ असा शेरा मारलेला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये गुरुग्रामच्या शाळेतल्या खून प्रकरणात सविस्तर लिहिलं. मंडळात बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राचा पदवीधर नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं सक्तीचं, हेही तिथेच. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या.

प्रत्यक्षात काय होतं? एका बैठकीत बुद्ध्यांक चाचणी, तासाभराची मुलाखत आणि एका पानाचा दाखला. बुद्ध्यांक आजचा, गुन्हा चार महिन्यांपूर्वीचा. त्यात निरीक्षणगृहात राहून पोरगा घाबरलेला किंवा निर्ढावलेला. शिवाय आरोप सिद्ध व्हायचे असतात, तरी ‘का केलंस’ विचारलं जातं आणि उत्तर फाईलला लागतं. वकिलाने मुलाला आधी समजावून सांगितलं पाहिजे की ही कबुली नाही, खटलाही नाही. आणि आदेश पटला नाही तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील.

एवढ्या तकलादू तपासणीवर सतरा वर्षांच्या मुलाचं कोर्ट ठरावं, हे आम्हाला पटत नाही. दार पूर्ण बंद करा असंही नाही. सुपारी घेऊन खून करणाऱ्या टोळीतला सतरा वर्षं अकरा महिन्यांचा पोरगा आणि पोक्सोतली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यातली) प्रेमप्रकरणं एकाच वर्गात बसतात, तक्रार ती आहे. पळून गेलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या जोडीत मुलीच्या घरच्यांनी फिर्याद दिली की पोक्सोच्या कलम ४ खाली किमान दहा वर्षं, म्हणजे निर्घृण, आणि पोराचं मूल्यांकन सुरू. मंडळाने अशा वेळी ‘परिस्थिती’ हा तिसरा मुद्दा वापरून प्रकरण स्वतःकडेच ठेवायला हवं. त्याला वाव आहे.

बाल न्यायालयात गेलं म्हणजे सरळ जेल, असंही नाही. मोठ्यांसारखा खटला चालवायची गरज आहे का, हे ते न्यायालय पुन्हा तपासतं. एकविसाव्या वर्षापर्यंत सुरक्षित स्थानी ठेवतात, मग प्रगती बघून सोडायचं की जेलमध्ये पाठवायचं ते ठरतं. फाशी नाही, सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेपही नाही.

पुण्यातल्या कल्याणीनगरच्या मे २०२४ च्या अपघातावर सगळे बोलतात. गाडी अल्पवयीन पोरगा चालवत होता, दोघांचा जीव गेला आणि रविवारी एकाच सदस्याने अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घालून जामीन दिला. निबंधाची चेष्टा झाली ती रास्त होती. पण ‘मोठ्यांसारखा चालवा’ ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, त्याचा निबंधाशी संबंध नाही. सदोष मनुष्यवधाला किमान सात वर्षं नाहीत, म्हणून तो निर्घृण वर्गात येत नाही. आणि पोराच्या हातात गाडी देणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आहेच: पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. बुलेटची चावी देणाऱ्या बापांनी हे वाचावं.

सोबत मोठे आरोपी असतील तर

दोन खटले वेगळे चालतात, मुलाचा मंडळापुढे, मोठ्यांचा नेहमीच्या कोर्टात. टोळीतल्या मोठ्यांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून हत्यार बारक्याच्या हातात देतात आणि नंतर नावही त्याचंच घेतात. ‘तुला काय, सहा महिन्यांत सुटशील’ हे ठरलेलं वाक्य. मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे, पण हे कलम लागलेलं क्वचित दिसतं. मुलाच्या वकिलाने ते मागावं. एवढ्याने मुलाच्या प्रकरणाचा रंग बदलतो.

फिर्यादीला काय मिळतं

फार थोडं. सुनावणी बंद दाराआड, आरोपी मोठे-लहान मिसळलेले असतील तर साक्ष दोन ठिकाणी, आणि निकाल समजावून सांगायला कुणी नाही. मार खाल्लेल्या माणसाला शेवटी ‘समुपदेशन आणि सामाजिक सेवा’ एवढंच कानावर येतं. मुलाचं नाव, फोटो, शाळा उघड करता येत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बलात्कार आणि पोक्सोच्या प्रकरणांत पीडितेने मनोधैर्य या सरकारी मदत योजनेसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठावं, मंडळाच्या निकालाची वाट बघू नये.

निकालानंतर आणि भरती

मंडळ देऊ शकतं ते असं: समज, गटात समुपदेशन, सामाजिक सेवा (चौदा वर्षांवरच्यांना, बाग राखणं, वृद्धाश्रमात किंवा दवाखान्यात मदत), पालकांना दंड, तीन वर्षांपर्यंत देखरेख, आणि सगळ्यात कडक म्हणजे तीन वर्षांपर्यंत विशेष गृह.

अपशिंग्यासारख्या फौजींच्या गावांपासून गावोगावच्या करिअर अकादम्यांपर्यंत या जिल्ह्यात खरा प्रश्न एकच असतो: भरतीला अडेल का? कायद्याचं उत्तर, नाही. मंडळाच्या निकालाने कुठलीही अपात्रता चिकटत नाही, आणि निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य पडताळणीत उघड करायची नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अल्पवयातल्या केसवरून नोकरी नाकारणं चुकीचं ठरवलं. नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं ठेवून नष्ट करायच्या असतात. बाल न्यायालयात मोठ्यांसारखा खटला चालून दोष सिद्ध झाला असेल तर ही सवलत नाही.

अडतं ते पोलीस ठाण्याच्या संगणकात, जिथे जुनी एफआयआर तशीच दिसते. म्हणून अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत लगेच काढून घरी ठेवा, कारण सात वर्षांनी ती मंडळाकडेही मिळणार नाही. नोंद नष्ट करण्याचा आदेश मंडळाकडून लेखी मागा, त्याची प्रत ज्या ठाण्यात प्रकरण झालं तिथे आणि पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या, आणि दोन्हीकडची पोच शिक्क्यासह घ्या. हे सगळं भरतीची जाहिरात निघायच्या आधी, मैदानी चाचणी झाल्यावर नाही.